दोनशे तेरावी गोगलगाय

मित्रांनो, खोली क्रमांक चारमध्ये खिडकीखालच्या टेबलावर, जुन्या पडद्याच्या तुकड्याखाली जो करडा ठोकळा झाकून ठेवलेला दिसतो, तो मी. मी एक जुना प्रिंटर आहे. माझं झाकण पिवळं पडलं आहे, एका बटणावरचं चिन्ह बोटांनी घासून घासून पुसलं गेलं आहे, आणि सुरू होताना मी दोनदा खाकरल्याशिवाय कामाला लागत नाही. पण आज मी रडगाणं गायला बसलेलो नाही. आज मला एक कबुली द्यायची आहे. माझ्यामुळे एकदा दोन शिकलेली माणसं आणि एक शहाणा माणूस तीन आठवडे अशा एका गोगलगाईला शोधत होती, जी कधी जन्मालाच आली नव्हती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून पुढे सरकत होतो, तसे कुणी मला चाकं लावली, कुणी तारा जोडल्या, आणि शेवटी पोटात एक गुळगुळीत, जाडजूड रूळ बसवला. त्याला ड्रम म्हणतात. कागदावर जे काही उमटतं, ते आधी त्याच्यावर उमटतं. माझ्या ड्रमचा एक फेरा झाला की एक पान पुरं होतं. तपासणीच्या टेबलावर मी पहिलं पान काढलं, ते इतकं स्वच्छ निघालं की तपासनीस बाईंनी ते शेजारच्या बाईंना नेऊन दाखवलं आणि माझ्या पाठीवर गोल चिकटपट्टी लावली. ती अजून आहे. अर्धी निघाली आहे, पण आहे.

तिथून मी आलो तो थेट या महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या विभागात. विभागप्रमुखांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत. सरांचा संगणकाच्या पडद्यावर काडीचा विश्वास नव्हता. काहीही वाचायचं तर ते कागदावरच. त्यामुळे माझा भाव पहिल्या दिवसापासून वधारला. प्रश्नपत्रिका मी काढल्या, सूचना मी काढल्या, निरोपसमारंभाची मानपत्रंही मीच काढली. सर पान उचलून खिडकीकडे धरायचे आणि म्हणायचे, “याच्या छपाईला तोड नाही.” मी फुगून जायचो. फुगायला मला जागा नाही, म्हणून पंखा थोडा जास्त फिरवायचो.

मग गोगलबाई आल्या. हे नाव अर्थातच विद्यार्थ्यांनी ठेवलेलं. बाई सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी. गोगलगाईंवर संशोधन करायच्या आणि स्वतः मात्र सदैव धावतपळत असायच्या. त्यांची नेमणूक तीन वर्षांची, तात्पुरती होती. त्या मुदतीत एखाद्या अग्रगण्य नियतकालिकाने त्यांचा शोधनिबंध स्वीकारला तर नोकरी पक्की, नाहीतर सामान उचला आणि दुसरं गाव बघा.

सामानाचं मला चांगलंच ठाऊक होतं. पानं गोळा करताना बाई फोन माझ्या झाकणावर ठेवून आवाज मोठा करायच्या, आणि पलीकडून त्यांची आई रोज एकच प्रश्न विचारायची. “पेट्या उघडू का गं आता?” बाईंसाठी आई आपलं घर सोडून इथे आली होती. पण भांड्यांच्या, पुस्तकांच्या, पांघरुणांच्या सात पेट्या भिंतीशी बांधल्या तशाच होत्या. दोन ताटं, दोन पेले आणि एक पातेलं एवढंच बाहेर. “थांब गं आई, पक्कं होऊ दे,” असं बाई म्हणायच्या आणि झाकणावरून फोन उचलायच्या.

बाईंचं संशोधन तसं सोपं होतं. गोगलगाय आपला शंख चुन्यापासून बनवते. मग ज्या मातीत चुना जास्त, तिथल्या गोगलगाईचा शंख जाड असतो का? किती जाड? त्यासाठी बाईंनी बारा ठिकाणची माती तपासली आणि दोनशे बारा रिकामे शंख मोजले. एकेक शंख एकेका काडेपेटीत, पेटीवर क्रमांक, आणि सगळ्या पेट्या माझ्या समोरच्या कपाटात. मी त्यांच्याकडे बघतच लहानाचा मोठा, म्हणजे नव्याचा जुना झालो.

निबंध लिहिणं अवघड असेल असं मला वाटायचं. पण लिहून झाल्यावरच खरे हाल सुरू झाले. पहिल्या नियतकालिकाने चार दिवसांत निबंध परत केला. आमच्या वाचकांना यात रस वाटणार नाही, असं त्यांनी कळवलं. दुसऱ्याने अकरा महिने ठेवून घेतला आणि दोन परीक्षकांची मतं पाठवली. एकाचं म्हणणं, निबंध फार लांबला आहे. दुसऱ्याचं म्हणणं, फार आटोपशीर झाला आहे, अजून लिहा. बाईंनी डोक्याला हात लावला. प्रत्येकाचे नियमही निराळे असत. एकाला संदर्भ शेवटी हवेत, एकाला पानाच्या तळाशी. एकाला सारांश दीडशे शब्दांत हवा, तर दुसऱ्याला शंभरात. दर वेळी सगळं उलटंपालटं करायचं आणि दर वेळी सरांसाठी पुन्हा छापायचं. त्या गडबडीत तिसऱ्या नियतकालिकाला पाठवलेल्या पत्रात दुसऱ्याच्या संपादकांचं नाव तसंच राहिलं. “आपलं नियतकालिक या विषयात सर्वश्रेष्ठ आहे, असं आम्ही मानतो,” असं लिहिलेलं, आणि वर नाव भलत्याचंच. उत्तर दुपारपर्यंत आलं.

परत आलेले निबंध टाकून द्यायचे नाहीत, हा सरांचा दंडक होता. एका बाजूने कोरे असलेले हे पाठकोरे कागद ते माझ्या ट्रेमध्ये घालायचे आणि त्यांच्या मागच्या बाजूवर पुढचा मसुदा छापायचा. कागद वाचवणं चांगलंच. पण एके दिवशी पहिल्या नकाराचा गठ्ठा सरांनी उचलला आणि तसाच माझ्यात घातला. एका पानाच्या कोपऱ्यात स्टेपलरची पिन राहिली होती.

मित्रांनो, आत गेलेली पिन काय करते ते मी सांगतो. ती ओरखडते. माझ्या गुळगुळीत ड्रमवर एक बारीकसा खड्डा पडला, आणि त्या दिवसापासून मी छापलेल्या प्रत्येक पानावर, वरच्या अंगाला डावीकडे, एक काळा ठिपका उमटू लागला. अगदी मोहरीएवढा. मजकुराच्या गर्दीत तो कुणाला दिसणार? कुणालाच दिसला नाही. मला मात्र दर पानाला कळायचा. मी तो लाजेने सोसत राहिलो.

चौथं नियतकालिक सगळ्यांत मोठं होतं. त्यांचा नियम असा की प्रत्येक आकृती स्वतंत्र, पूर्ण पानावर हवी. तोपर्यंत बाईंचा आलेख मजकुराच्या मधोमध, छोटासा असायचा. आता तो पानभर झाला. शिवाय संगणकातून पाठवला की तो धूसर जात होता. बाई हैराण झाल्या. तेव्हा सर म्हणाले, “छाप, मी माझ्या हाताने नावं घालतो, आणि ते पान स्कॅन करून पाठव. कागद कधी दगा देत नाही.”

मी आलेख छापला. डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजवीकडे वर चढत जाणारी ठिपक्यांची सुरेख रांग. आणि वर डावीकडे, एकटाच, माझा ठिपका.

सरांनी आपल्या वळणदार अक्षरात आडव्या रेघेखाली ‘मातीतील चुना’ आणि उभ्या रेघेशेजारी ‘शंखाची जाडी’ लिहिलं. पान गेलं. नंतर महिन्याभरात बाईंचा संगणक बंद पडला, तो कायमचाच, आणि आलेखाची मूळ फाईल त्याच्याबरोबर गेली.

चार महिन्यांनी पत्र आलं. नकार नव्हता! दुरुस्त्या करून नव्वद दिवसांत पुन्हा पाठवा, असं होतं. बाईंची मुदत संपायला त्याहून थोडेसेच जास्त दिवस उरले होते. पहिल्या दोन सूचना किरकोळ होत्या. तिसरी अशी: “आकृती दोनमध्ये वर डावीकडे जी एकटी गोगलगाय आहे, तिच्याबद्दल लेखकांनी एक अक्षरही लिहिलेलं नाही. जवळजवळ चुना नसलेल्या मातीत इतका जाड शंख कसा? या निबंधातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच असावी. कृपया खुलासा करावा.”

ती गोगलगाय म्हणजे माझा ठिपका. पण बाईंना ते कुठून कळणार? त्यांनी नोंदवही काढली. दोनशे बारा नोंदी. त्यांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने दोनशे बाराच्या दोनशे बारा ठिपके पुन्हा काढले. ती गोगलगाय त्यांत नव्हती. छापलेल्या आलेखावरचे ठिपके मोजावेत, तर रांगेत ते एकमेकांवर चढून बसलेले.

“सर, माझ्या नोंदवहीत ही नाहीच,” बाई म्हणाल्या.

“मग तू नोंदवायची विसरलीस.”

“नोंदवली नाही, तर आलेखात आली कशी?”

“अगं, आलेखात आली म्हणजे ती होती! छापून आलंय की नाही? मग?”

बघा, मित्रांनो. त्यांनी नोंदवहीवर संशय घेतला, मोजणीवर घेतला, बाईंच्या स्मरणशक्तीवर घेतला. छापलेल्या कागदावर कुणी घेतला नाही. माझ्या छपाईला तोड नाही, हे त्यांनी फारच मनावर घेतलं होतं.

दोन दिवसांनी सर हसतमुखाने आले. “सापडलं! ती भिंत चाटते!” महाविद्यालयाच्या मागे कुंपणाच्या भिंतीला चुन्याची सफेदी दिलेली होती. तिथल्या मातीत चुना नव्हता, पण भिंतीवर होता. एखादी हुशार गोगलगाय भिंत चाटून गलेलठ्ठ शंख बनवत असेल, असा सरांचा सिद्धांत. त्यांनी चार पानं लिहूनही काढली. ती छापायला आली तेव्हा मी माझ्या परीने विरोध केला. तीनदा कागद अडकवला. सरांनी माझ्या कुशीत तीन चापट्या मारल्या आणि मला पानं काढावी लागली.

मग शोधमोहीम सुरू झाली. तिच्यात तिसरे गडी होते मामा. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सेवक, तीस वर्षं काचेची भांडी धुऊन एकही न फोडलेले. रोज सकाळी सर पुढे, बाई मागे आणि टोपली घेऊन मामा, असे तिघं भिंतीपाशी गवतात वाकलेले मला खिडकीतून दिसायचे. त्या न सापडलेल्या गोगलगाईचं नाव मामांनी ‘पैलवान’ ठेवलं होतं.

“बाई, हा बघा, हा पैलवान दिसतोय!”

बाई वर येऊन शंख मोजायच्या. साधाच. पातळ. पुन्हा खाली. तीन आठवड्यांत चाळीस गोगलगाई झाल्या, एकही पैलवान निघाला नाही. सरांचा उत्साह तसूभर कमी झाला नाही, पण बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. एका दुपारी फोन माझ्या झाकणावर ठेवून त्या हळू आवाजात आईला म्हणाल्या, “आई, एक चुकली असेल तर बाकीच्या दोनशे बाराही चुकल्या नसतील कशावरून? मी मोजलेलं सगळंच खोटं असेल तर?”

“तू?” आई म्हणाली. “लहानपणी रोज त्याच जिन्याच्या पायऱ्या मोजायचीस तू. वाढल्यात का बघायला. तू नाही गं चुकायचीस.”

एक थेंब माझ्या झाकणावर पडला. मला त्या दिवशी वाचा असती, तर मी सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं ओरडलो असतो. पण माझं बोलणं म्हणजे कागद, आणि कागदावर तर तोच गुन्हा.

सुटका केली ती मामांनी. वाकून वाकून त्यांची कंबर धरली होती. ते बाईंकडे आले आणि म्हणाले, “बाई, चार दिवसांची रजा हवी. नेहमीसारखा अर्ज काढून द्या.” मामांचे अर्ज बाईच टाइप करायच्या. नव्या संगणकावर त्यांनी चार ओळी लिहिल्या आणि मी पान बाहेर काढलं. मामांनी सही करायला ते हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि थांबले.

“बाई, एक विचारू? हा पैलवान माझ्या अर्जावर काय करतोय?”

“कुठला पैलवान?”

“हा काय, वर डावीकडे. गेली दोन वर्षं माझ्या प्रत्येक अर्जावर असतो. मला वाटायचं, ऑफिसची खूण असेल.”

बाईंनी अर्ज जवळजवळ हिसकावूनच घेतला. अर्जाच्या मोकळ्या जागेत, तारखेच्या अलीकडे, तो मोहरीएवढा ठिपका बसला होता. बाई उठल्या. त्यांनी माझ्याकडून एक पान काढलं, ज्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. अगदी कोरं. ते बाहेर आलं. कोऱ्या पानावर एकच ठिपका होता.

सरांच्या अक्षरातला आलेख त्यांनी खिडकीच्या काचेवर धरला आणि त्यावर ते कोरं पान ठेवलं. उन्हातून ठिपक्यावर ठिपका बरोबर बसला. तसूभरही इकडेतिकडे नाही. बाई आधी हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा हसल्या, आणि मामा बिचारे “मग रजा मिळेल ना?” असं विचारत उभे राहिले.

मित्रांनो, त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. पकडला गेल्याचं इतकं सुख असतं, हे मला माहीत नव्हतं.

पण काम संपलं नव्हतं. सरांना बोलावलं. त्यांनी दोन्ही पानं पाहिली आणि ते खुर्चीत बसले. त्यांची चार पानं टेबलावरच होती.

“परीक्षकांना नेमका हाच ठिपका आवडलाय,” ते म्हणाले. “तो काढला तर उरलं काय, असं म्हणतील. आपण एवढंच लिहू, की ती नोंद तपासता आली नाही म्हणून वगळली. खोटं नाही ते.”

“सर, नोंद नव्हतीच. वगळू काय?”

“तुझी नोकरी आहे यात, वेडे.”

“म्हणूनच तर, सर. उद्या पक्की झाले आणि हा ठिपका छापून आला, तर तो जन्मभर वर डावीकडे बसेल.”

आलेखावरच्या आपल्याच अक्षरावरून सरांनी अंगठा फिरवला. मग म्हणाले, “लिही. जसं झालं तसं लिही. आणि छापून स्कॅन करायला मी सांगितलं, हेही लिही.”

पत्र गेलं. दोनशे बारा ठिपक्यांचा नवा आलेख गेला, थेट संगणकातून, मला न शिवता. मला वाईट वाटलं, पण ते बरोबरच होतं. पाठोपाठ ते कोरं पानही पुरावा म्हणून टपालाने गेलं. माझ्या आयुष्यातलं एकच पान इतक्या मोठ्या नियतकालिकाच्या दारापर्यंत पोचलं, आणि ते कोरं होतं.

त्याच आठवड्यात दुरुस्तीवाला आला. मला आता भंगारात देणार, असंच मी धरून चाललो होतो. त्याने मला उघडलं, चिमट्याने आत शोधलं आणि ती पिन बाहेर काढली. तिला कागदाचा एक कपटा अजून चिकटलेला होता. “हिने केलंय सगळं,” तो म्हणाला. “ड्रम बदलला की झालं. यंत्र दणकट आहे.” सरांनी ती पिन तळहातावर घेतली. मग पाठकोऱ्यांचा सगळा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि दुपारभर बसून एकेक पिन काढली. शेवटी आपली सिद्धांताची चार पानं घेतली, त्यांचीही पिन काढली, आणि ती त्याच गठ्ठ्यावर ठेवली.

पुढचे चौतीस दिवस कसे गेले ते विचारू नका. बाई संगणकावरचं टपाल उघडताना डोळे मिटून घ्यायच्या आणि मग मिटल्या डोळ्यांनी वाचता येत नाही म्हणून उघडायच्या. पस्तिसाव्या दिवशी, भर सकाळी, त्यांनी खुर्ची इतक्या जोरात मागे ढकलली की कपाटातल्या काडेपेट्या खुळखुळल्या. “छाप, छाप, छाप,” त्या मला म्हणाल्या. मला! मी त्या दिवशी एकदाच खाकरलो.

निबंध स्वीकारला होता. संपादकांनी खाली लिहिलं होतं: “ती गोगलगाय गेल्याचं परीक्षकांना थोडं वाईट वाटलं. परंतु ती गेल्यावर आलेख अधिक विश्वासार्ह झाला आहे. कोरं पान आम्ही कार्यालयात लावून ठेवलं आहे.”

सरांनी पत्र दोनदा वाचलं आणि नाक शिंकरायला बाहेर गेले. मामांनी मात्र ते वरखाली करून पाहिलं, खिडकीकडे धरलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

“बाई, यावर तर खूण नाही. खरं आहे ना पत्र?”

बाईंनी पेन घेतलं आणि वर डावीकडे, बरोबर त्या जागी, एक ठिपका काढला. मामांचं समाधान झालं.

मग बाईंनी फोन माझ्या झाकणावर ठेवला. पलीकडून नेहमीचा प्रश्न यायच्या आधीच त्या म्हणाल्या, “आई, उघड पेट्या. साती उघड.” मग सुतळी कापल्याचा आवाज आला, आणि त्यामागोमाग एकेक भांडं खणखणत बाहेर निघत राहिलं. बाई ऐकत उभ्या राहिल्या. आम्ही सगळेच ऐकत राहिलो.

मित्रांनो, आता मला फारसं काम नसतं. नवीन यंत्र आलं आहे, ते खाकरत नाही. पण मामांचे अर्ज अजून माझ्याकडेच येतात. तुमच्याकडेही माझ्यासारखं कुणी असेल. त्याची धूळ पुसा, आणि ते सांगतं ते सगळंच खरं धरू नका. शंका आली तर आधी एक कोरं पान काढून बघा. आणि त्यात पाठकोरे कागद घालणार असाल, तर घालण्याआधी कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवा. पिन असेल, तर तेवढी काढा.